पान सहावरची दुरुस्ती

दशरथभाईंनी फाइल टेबलावर ठेवली आणि फितीची गाठ सोडता सोडता म्हणाले, "बेन, ही तुमची शेवटची. हिच्यावर सही झाली की मी सुटलो." व्यवस्थापन-संस्थेच्या केस-विभागातली सगळी जुनी कागदपत्रं संगणकावर चढवायचं काम सहा महिने त्यांच्या मानगुटीवर बसलं होतं. जी केस ज्याच्या वर्गात शिकवली जाते, त्याने तिची मूळ फाइल नजरेखालून घालायची आणि सही करायची, एवढंच उर्वीचं काम. तिने पेनचं टोपण काढलं. वरचाच कागद पिवळा पडला होता, कडांना तपकिरी झाला होता. संमतिपत्र होतं ते. आपली हकीकत नावगाव बदलून वर्गात वापरायला हरकत नाही, असा छापील मजकूर. खाली निळ्या शाईत गुजरातीत दोन ओळी: 'वाचलं. ठीक आहे. पान सहावरची दुरुस्ती केल्याबद्दल आभारी आहे.' आणि त्याखाली सही. पहिल्या अक्षराची शेपटी मागे ओढून पूर्ण नावाखालून नेलेली, शेवटी दोन टिंबं. ही सही तिच्या शाळेच्या प्रगतिपुस्तकांवर होती, सहलीच्या परवानगीच्या चिठ्ठ्यांवर होती, लग्नपत्रिकेच्या मसुद्यावर होती. एकेचाळीस दिवसांपूर्वी तिने ती इस्पितळाच्या फॉर्मवर पाहिली होती. तेव्हा शेपटी अर्ध्यावरच थांबली होती. यशोधर मजमुदार. तिचे वडील. घरात सगळे त्यांना भाई म्हणत, तीसुद्धा.

"काय झालं, बेन? काही गहाळ आहे?"

"नाही. उद्या देते."

"उद्या म्हणजे उद्याच हं. तुमचा उद्या माझ्या निवृत्तीनंतर उजाडतो."

दशरथभाई गेले. खोलीत पंखा फिरत होता आणि बाहेर विटांच्या भिंतीवर अहमदाबादचं मार्च महिन्यातलं ऊन पसरलं होतं. फाइलवर केसचं नाव टंकलेलं होतं: 'रामनाथन यांचा सोमवार'. उर्वी ही केस अकरा वर्षं शिकवत होती. मदुराईच्या एका सूतगिरणीत कातणखात्याचे प्रमुख असलेले, दोन मुलांचे वडील असलेले रामनाथन. वय त्रेचाळीस. मालक त्यांना थेट जनरल मॅनेजर करायला निघालेत, वरच्या मजल्यावरची केबिन तयार आहे, आणि रामनाथन यांना मनातून नकार द्यायचा आहे. सहा पानं सगळी हकीकत, गिरणीची अवस्था, कामगारांशी असलेले संबंध, मालकांचे स्वभाव, आणि शेवटी, बहुतेक केसेसमध्ये असतं तसं, 'रामनाथन खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. सोमवारी सकाळी उत्तर द्यायचं होतं.' मदुराई नव्हतीच तर. सरसपूर होतं. कातणखातं नव्हतं, साळखातं होतं, तीनशे मागांचं. दोन मुलं नव्हती. तेरा वर्षांची एक मुलगी होती, जी त्या रविवारी घरातच कुठेतरी असणार, आणि जिला पुढची तेहतीस वर्षं घरातून एकच गोष्ट सांगितली गेली होती: मिलने भाईंना डावललं. लायकी असून डावललं. बा, तिची आई, हे पाहुण्यांना सांगायची, आवाज खाली आणून, आणि भाई समोर बसून सुपारी कातरत असायचे, हो नाही की नाही नाही.

उर्वीला वाटलं, आपण रडू. पण रडू आलं नाही. आली ती एक विचित्र लाज, अंगभर घाम फुटावा तशी. कारण अकरा वर्षांत वर्गाने रामनाथनला काय काय म्हटलं होतं ते तिच्या कानात होतं. नोकरीत असलेल्या, हाताखाली माणसं असलेल्या लोकांचा हा वर्ग. त्यांना दुसऱ्याच्या निर्णयावर बोलायला फार आवडतं. "मॅडम, सरळ आहे, माणूस टरकला." "नवी खुर्ची टोचेल म्हणून जुनीला फेविकॉल लावून बसला." लुधियानाचा एकजण तर म्हणाला होता, "याच्या बायकोला बोलवा मॅडम, तीच सांगेल खरं काय ते," आणि वर्ग हसला होता, तीही हसली होती. मग ती फळ्यावर दोन रकाने काढायची. रामनाथनला काय माहीत होतं. त्याने काय माहीत करून घ्यायला हवं होतं. दुसरा रकाना लांबत जायचा, आणि त्याच्या तळाशी ती एक वाक्य लिहून त्याभोवती गोल काढायची: त्याने कुणालाच विचारलं नाही. त्यानंतर केसचा दुसरा भाग वाटायचा, एकाच पानाचा. रामनाथन यांनी नकार दिला. चार वर्षांनी गिरणी बंद पडली. ज्याने ती जागा घेतली तो त्या अनुभवाच्या जोरावर दुसऱ्या समूहात संचालक झाला. रामनाथन एका लहान रंगाईच्या कारखान्यात देखरेखीला आहेत. हे पान वाचताना वर्ग गप्प व्हायचा, आणि त्या गप्प वर्गात उर्वी आपल्या संशोधनाकडे वळायची. बढती देऊ केलेल्या पावणेपाचशे माणसांना तिने पाच वर्षांनी गाठलं होतं. ज्यांनी हो म्हटलं त्यांच्यातले फार थोडे पस्तावले होते, जागा जमली नाही तरीसुद्धा. ज्यांनी नाही म्हटलं त्यांच्यातले बहुतेक पस्तावले होते. या निबंधाने तिला नाव दिलं होतं. वर्तमानपत्रांनी त्यावर लिहिलं. कुणीकुणी कात्रणं काढून ठेवली.

त्यांतली एक तोरल वाघेला. मोरबीच्या एका टाइल्सच्या कारखान्यात उत्पादन सांभाळणारी, चौतिशीतली, या वर्गातली सगळ्यात कमी बोलणारी. आज सकाळीच चहाच्या वेळी ती उर्वीला बाजूला घेऊन म्हणाली होती, "मॅडम, शेठ मला पूर्ण कारखान्याची प्रमुख करतायत. शनिवारी उत्तर द्यायचंय. मला नको वाटतंय. पण तुमचा लेख मी दोनदा वाचला. नाही म्हणणारे पस्तावतात ना? मग हो म्हणूनच टाकते. उद्या रामनाथन झाला की लगेच शेठना फोन करते." उर्वीने तिला शाबासकी दिल्यासारखं काहीतरी म्हटलं होतं. तोरल गेल्यावर दिसलं, तिने चहाचा कप ओठाला न लावता तसाच ठेवला होता.

रामनाथनची गोष्ट तिने भाईंना सांगितली होती. ही आठवण आली तेव्हा तिने फाइल मिटली, जणू कुणी वाचत होतं. पहिल्याच वर्षी, रात्रीच्या जेवणाला, खिचडी-कढी होती. नवी नवी शिकवायला लागल्याचा उत्साह होता, आणि तिने रामनाथन असा काही रंगवला होता की बासुद्धा हसली होती. भाई हसले नव्हते. ते नेहमीसारखे तिच्या तोंडाकडे टक लावून ऐकत होते, घास हातात तसाच. "मुलं काय म्हणतात?" त्यांनी विचारलं होतं. "म्हणतात, घाबरट होता." "बरोबर आहे त्यांचं," भाई म्हणाले, आणि कढी वाढून घेतली. त्यानंतर दर मार्चमध्ये ते न चुकता विचारत, "यंदा तुझ्या रामनाथनला किती जणांनी पास केलं?" नोकरीतून निवृत्त झालेल्या माणसाला मुलीच्या कामात रस, असं तिला वाटायचं, नवऱ्यालाही ती कौतुकाने सांगायची. गेल्या वर्षी ती म्हणाली होती, "बासष्टातले चार." भाई म्हणाले, "वाढले." बाकी काही नाही. तेव्हा एका शब्दानेही सांगितलं नाही. का नाही? आपल्याला लाज वाटेल म्हणून? की मुलांचं म्हणणं खरंच बरोबर वाटत होतं म्हणून? की दरवर्षी या अनोळखी पोरांमधून कुणीतरी एकजण खरं कारण हुडकून काढील, अशी ते वाट बघत होते? पान सहा तिने चार वेळा वाचलं. त्यावर दुरुस्तीची काही खूण नव्हती. दुरुस्ती झाल्यानंतरचंच पान होतं ते.

केस लिहिली होती अनंतनारायणन सरांनी. तेव्हा ते अठ्ठावीस वर्षांचे संशोधन-साहाय्यक होते. आता निवृत्त होऊन वस्त्रापूरला राहत होते. संध्याकाळी पाचला ती त्यांच्याकडे गेली. चाळीस वर्षं अहमदाबादेत काढून सरांनी इथला झोपाळा घेतला होता आणि कॉफी मात्र आपली ठेवली होती. संमतिपत्राची प्रत हातात घेऊन ते डोळे बारीक करून बघत राहिले.

"मजमुदार," ते म्हणाले. "हां हां. रामनाथन म्हणजे माझा मामा. नाव त्याचं घेतलं. तोही जन्मात मदुराई सोडून कुठे गेला नाही. पण तू हे का उकरतेयस आता? कुणी तक्रार केली का?"

"सर, ते माझे वडील. गेले, महिना होऊन गेला."

झोपाळा थांबला. सरांनी पाय जमिनीवर टेकून तो थांबवला होता. "तू तर वोरा," ते म्हणाले, आणि मग स्वतःच, "हां, लग्नानंतरचं. मला कसं कळणार. अरे देवा, उर्वी. आणि तू ती शिकवतेस."

"पान सहावर काय दुरुस्त केलं होतंत?"

"दुरुस्ती कसली. एक परिच्छेद काढला. ते म्हणाले, हा ठेवलात तर सही करणार नाही. मला केस हवी होती. पहिलीच होती माझी." त्यांनी कॉफीचा पेला खाली ठेवला. "तुला सांगावं की नाही, मला समजत नाही. मी शब्द दिला होता त्या माणसाला."

"मी त्यांचं सगळं सामान आवरलंय सर. त्यांच्या बनियनच्या घड्या घातल्यात. मला सांगायला हरकत नाही."

सर म्हणाले, "त्यांना ऐकू येत नव्हतं."

मग त्यांनी हळूहळू सांगितलं. केस लिहिण्यासाठी सर त्या साळखात्यात महिनाभर जात होते. तीनशे मागांचे धोटे एकदम आपटतात तिथे माणसाचा आवाज म्हणून काही नसतोच. सगळे ओठांवर बोलतात आणि बोटांवर. खांद्यावर दोन बोटं ठेवली की मुकादम येतोय. मिशीवरून हात फिरवला की मोठे साहेब. तुझे वडील त्या भाषेचे राजे होते. चाळीस हातांवरून त्यांना कळायचं, कुणाची बायको बाळंत झाली आणि कुणाचं सूत तुटतंय. वीस वर्षं त्या आवाजात काढल्यावर कान राहतात कुणाचे? पण खाली ते कुणाला कळायचं कारणच नव्हतं. खाली सगळेच बहिरे. "त्यांनी मला जिन्याशी उभं केलं आणि वर बोट दाखवलं. म्हणाले, वर गालिचा आहे, टेलिफोन आहेत तीन, आणि शेठ लोक पान खाताना तोंडावर हात धरून बोलतात. मी तिथे आठ दिवस टिकणार नाही, आणि नवव्या दिवशी मला खालीही येता येणार नाही."

"मग तुम्ही ते काढून टाकलंत."

"काढलं. आणि खरं सांगू? काढल्यावर केस सुधारली." सर तिच्याकडे न बघता म्हणाले. "आमचे मोठे प्राध्यापक खूश झाले. म्हणाले, आता कारण दिसत नाही, आता वर्ग पेटेल. तेहतीस वर्षं पेटतोय."

परत येताना तिने रिक्षा केली नाही. तलावाच्या कडेने चालत राहिली. आठवणी काही नव्या येत नव्हत्या. जुन्याच होत्या, फक्त एकेक करून उठून दुसऱ्या जागी जाऊन बसत होत्या. ती बडोद्याला वसतिगृहात होती तेव्हा रविवारी रांगेत उभं राहून घरी फोन करायची, आणि भाई अर्ध्या मिनिटात "हां. बरं. तब्येत सांभाळ. ठेव," म्हणून मोकळे व्हायचे. मग मंगळवारी पोस्टकार्ड यायचं, दोन्ही बाजूंनी गच्च भरलेलं, काय खातेस, मैत्रीण कोण, परीक्षा कधी, म्हणजे फोनवर तिने सांगितलेलं सगळंच पुन्हा विचारलेलं. मैत्रिणींना ती म्हणायची, आमचे भाई लक्षच देत नाहीत. दातांना तारा लावल्या होत्या त्या वर्षी ती बोलताना तोंडावर हात धरायची, आणि भाई प्रत्येक वेळी तो हात खेचून खाली करायचे, "तोंड मोकळं ठेवून बोल," इतक्या कडकपणे की एकदा ती रडली होती. पाठीमागून हाक मारली तर ते उत्तर देत नसत; नातेवाईक म्हणत, मजमुदारला साळखात्याच्या मास्तरकीची घमेंड. आणि बा. बाला समोरच्याचं वाक्य पुन्हा म्हणायची खोड होती. "हां, म्हणजे लग्न माघात धरलंय." "अच्छा, म्हणजे डॉक्टर म्हणतात साखर कमी करा." भाईंकडे तोंड करून, ठासून. उर्वी आणि तिचा नवरा हसायचे तिला; एकदा तर उर्वी म्हणाली होती, "बा, तू काय पोपट आहेस का?" सहा वर्षांपूर्वी बा गेली आणि भाई एकदम म्हातारे झाले, असं सगळे म्हणाले. माणसांत बसेनात, विचारलं ते सोडून भलतंच उत्तर देऊ लागले. दुःखाने, असं उर्वीने ठरवलं होतं. दुःख तर होतंच. पण त्या दिवशी त्यांचे कानही गेले होते, आणि ते कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. दोन वर्षांनी तिने त्यांना कानाचं यंत्र आणून दिलं, वयाचं म्हणून. त्यांनी ते आठ दिवस लावलं. "घरात एवढा गोंगाट असतो?" एवढंच म्हणाले आणि काढून ठेवलं. ते यंत्र तेव्हा मिळालं असतं तर? म्हणजे त्या रविवारी कुणी विचारलं असतं, भाई, नेमकी अडचण काय आहे? तेव्हाची यंत्रं कसली असणार, खिशात डबी आणि कानात वायर. शेठ लोकांसमोर त्यांनी ते लावलं असतं का? तिला माहीत नव्हतं. एका कठड्यावर ती बसली. समोर एक बाई मुलाला गांठिया भरवत होती, आणि मूल प्रत्येक घासाला मान फिरवत होतं.

सकाळी ती सातलाच संस्थेतल्या आपल्या खोलीत आली आणि तिने जुन्या पाहणीची माहिती उघडली. प्रश्न चौदावा: बढती नाकारण्याचं कारण काय? नकार देणाऱ्या दोनशे चार माणसांपैकी एकसष्ट जणांनी तिथे काहीच लिहिलं नव्हतं. उत्तर नसलं की तिथे नव्याण्णव हा आकडा घालायचा, अशी रीत आहे. मग नव्याण्णव असलेले फॉर्म अपुरे म्हणून बाजूला काढायचे, हीदेखील रीतच. तिने ते काढले होते. त्यात लपवाछपवी काही नव्हती, निबंधाच्या तळटीपेत तसं लिहिलंही होतं. पण त्या एकसष्ट जणांनी बाकीचे सगळे प्रश्न नीट सोडवले होते. तिने पहिल्यांदाच पस्ताव्याचा रकाना त्यांच्यापुरता खाली ओढत नेला. एकसष्टांपैकी अडतीस जणांनी लिहिलं होतं, नाही. उर्वीने पडद्यावरचे ते आकडे मोजले, पुन्हा मोजले. तिच्या हातात त्यांची नावं नव्हती. फक्त क्रमांक होते, वय होतं, हुद्दा होता. एकेका ओळीवर ती थांबत गेली. एकोणचाळीस, खरेदी-विभाग. बावन्न, शाखाधिकारी. यांना काय ऐकू येत नसेल, काय दिसत नसेल, काय कुणाला सांगता येत नसेल.

वर्ग नेहमीसारखा रंगला. टरकला, आळशी, बायकोचं ऐकणारा, सगळं होऊन गेलं. फळ्यावर दोन रकाने झाले. दुसऱ्या रकान्याच्या तळाशी आल्यावर तिने खडू टेकवला आणि वाक्य लिहिलं, पण निराळं: त्याला कुणीच विचारलं नाही. कुणीतरी म्हणालं, "मॅडम, उलटं लिहिलंत." ती म्हणाली, "नाही. इतकी वर्षं उलटं लिहीत होते." पुढचं पान तिने वाटलं नाही. "याच्यापुढे काय झालं ते मी आज सांगणार नाही," ती म्हणाली. "ते कळलं की आपण न्यायाधीश होतो. तुम्ही कारखान्यात परत जाल तेव्हा तुमच्या हाताखालचा कुणीतरी चांगल्या जागेला नको म्हणेल. तेव्हा का, असं विचारू नका. का म्हटलं की माणूस शोभेल असं कारण काढून देतो, नाही तर गप्प बसतो. त्याला म्हणा, त्या नव्या जागेवरचा एक दिवस मला सकाळपासून सांग. आणि कुठे अडखळतो तेवढं बघा." भाईंचं कारण तिने सांगितलं नाही. ते तिचं नव्हतं.

वर्ग सुटल्यावर तोरल थांबली. हातात फोन होता. "करू ना मॅडम?"

"बसा जरा. आधी मला एक कबूल करायचंय. तुम्ही जो लेख वाचलात, त्यात एकसष्ट माणसं मी मोजलीच नव्हती. कारण न सांगणारी. त्यांतली अर्ध्याहून जास्त पस्तावलेली नाहीत. तेव्हा माझ्या लेखावर विसंबून हो म्हणू नका."

तोरलचा चेहरा पडला. "मग नाही म्हणू?"

"तेही माझ्यावर विसंबून नको. तुमचा दिवस सांगा. प्रमुख झालात. सकाळी कारखान्यात पोचलात. पुढे?"

तोरल सांगू लागली. आठला भट्टीची पाहणी. ते ती आताही करतेच. दहाला डिस्पॅच, अकराला मालाचा रंग. ट्रकवाले, बँकवाले, परदेशातले ग्राहक. काही अवघड नाही मॅडम, शिकेन. एक वाजता जेवण. इथे ती थांबली. मग एकदम दोनच्या मीटिंगवर गेली.

"एक वाजता?" उर्वीने विचारलं.

"प्रमुखाचं जेवण वर असतं. शेठ आणि त्यांचे तीन भाऊ, टेबलावर. आमच्याकडे तसंच आहे." तोरल फोन या हातातून त्या हातात घेत होती. "मी आता खाली जेवते, छाटणीच्या बायकांत. अठराजणी आहेत. रोटला, लसणाची चटणी, गोल बसून. नऊ वर्षं. माझा नवरा गेला तेव्हा चौदाव्या दिवशी मी कामावर आले, तर त्यांनी काही विचारलं नाही, नुसता माझा डबा उघडला आणि त्यांचं माझ्यात घातलं. वर बसले तर त्याच टेबलावर ठरतं, यांतल्या कुणाला ठेवायचं, कुणाला काढायचं. मी तोंडात घास घेऊन ते कसं ऐकू?" ती थांबली. "हे काय कारण झालं का मॅडम? जेवायच्या जागेवरून एवढी मोठी नोकरी सोडायची? मी आईलाही नाही सांगितलं हे. हसेल ती."

उर्वी हसली नाही. बाहेर दशरथभाई सहीसाठी दोनदा डोकावून गेले होते. तिसऱ्यांदा आले ते दारातच उभे राहिले. तिने त्यांना हाताने थांबायला सांगितलं.

"शेठना विचारलंत का," ती म्हणाली, "की प्रमुख होते, पण जेवीन खालीच?"

तोरलच्या हातातला फोन तसाच थांबला. हे तिच्या डोक्यातही आलं नव्हतं, हे स्पष्ट दिसत होतं. "असं विचारता येतं?"

येतं, असं म्हणणं सोपं होतं. फळ्यापाशी उभं राहून उर्वीने याहून मोठी विधानं खात्रीने केली होती. पण तिच्या घरात तेहतीस वर्षं एक माणूस जिन्याखाली उभा राहिला होता, आणि त्याने विचारलं नव्हतं, आणि त्यालाही कुणी विचारलं नव्हतं.

"मला माहीत नाही," ती म्हणाली. "शनिवारी विचारून बघा. आणि ते काय म्हणाले, ते मला कळवा."